रत्नागिरीचा थिबा पॅलेस : घाईत उरकू नका

सुरंगी
गणपतीपुळ्याला जाणारे निम्मे लोक रत्नागिरीत थांबतात, थिबा पॅलेससमोर फोटो काढतात, आत एक चक्कर मारतात आणि "आत काही विशेष नाही" म्हणून आंबापोळी घ्यायला निघतात. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी धागा काढावासा वाटला. माझं सासर रत्नागिरी, त्यामुळे पाहुणे आले की त्यांना तिकडे न्यायचं काम माझ्याकडे असतं आणि मला ते मनापासून आवडतं.

आधी थोडक्यात, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. १८७८ ला गादीवर आला, १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी त्याची राजधानी मंडाले घेतली, तेव्हा तो जेमतेम २६ वर्षांचा होता. त्याला, पट्टराणी सुपयालतला, धाकट्या राणीला आणि मुलींना बोटीत घालून आधी रंगूनला, मग मद्रासला आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणलं. राज्य केलं सात वर्षं आणि कैद भोगली तीस वर्षांच्या वर! १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच गेला.

आता मुद्दा. आपण त्याला राजवाडा म्हणतो पण तो एका कैद्यासाठी सरकारने बांधलेला बंगला आहे, फक्त कैदी राजा होता म्हणून तीन मजली. आणि त्यातही तो राहिला फक्त शेवटची सहाएक वर्षं, कारण इमारत पुरी झाली १९१० ला. त्याआधीची चोवीस वर्षं हे कुटुंब रत्नागिरीतल्याच दुसऱ्या बंगल्यात होतं. हे डोक्यात ठेवून आत गेलात ना की सगळं वेगळं दिसायला लागतं. एवढ्या मोठ्या खोल्या कशासाठी, दिवाणखान्यात संगमरवर कशाला, गच्ची समुद्राकडे का, मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती कोणासाठी बसवली, एकेका गोष्टीचा अर्थ लागत जातो. तळमजल्यावर पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, मूर्ती वगैरे आहेत, राजाच्या कुटुंबाचे जुने फोटो आहेत, ते बघाच, पण माझ्या मते तिथली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे ती इमारत, आणि तिच्यासाठी वेळ काढून जायला हवं.

तुम्ही कोणी गेला असाल तर लिहा, कोणाला अजून माहिती असेल तर हवीच आहे.

चिरेखाण
सुरंगीताई, छान विषय काढलात. मी बांधकामातला माणूस आहे त्यामुळे त्या बाजूने लिहितो.

लोक आत गेल्यावर काचेच्या कपाटात बघतात आणि मान वर करत नाहीत. मान वर करा! अर्धगोल कमानीच्या लाकडी खिडक्या, त्यावरचं कोरीव काम, रंगीत काचा, उतरती छपरं, हे सगळं नीट बघण्यासारखं आहे. सकाळी ऊन तिरकं असताना गेलात तर काचांचे रंग जमिनीवर पडलेले दिसतात. आणि भिंती जांभ्याच्या. आपल्या कोकणातला जांभा चिरेखाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, हत्याराने सहज कापला जातो आणि मग हवा लागून लागून कडक होत जातो. म्हणून इथे घरापासून किल्ल्यापर्यंत सगळं चिऱ्याचं. पण त्याला छिद्रं असतात, पाणी धरतो, आणि रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. शंभर वर्षांच्या वर झाली, अशा पावसात लाकूडकाम असलेली तीन मजली इमारत उभी ठेवणं हे सोपं काम नाहीये, जे कोणी ते करतात त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. सागवान ब्रह्मदेशाचं वापरलंय असं गावात सांगतात. नकाशे ठरवताना राजाचं मतही विचारात घेतलं होतं म्हणे, आणि बाहेरून बघितलं की पटतं, कारण तेव्हाच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या बंगल्यांसारखी ही इमारत अजिबात वाटत नाही.

अबोली_७
मला एक प्रश्न कायम पडलेला, रत्नागिरीच का? कुठे मंडाले, कुठे आमचं कोकण.

सुरंगी
@अबोली_७ कारण अगदी साधं, इथून पळून जायला वाट नव्हती. रेल्वे नव्हती (ती आली आपल्या डोळ्यांदेखत, नव्वदच्या दशकात), घाट उतरून यायला दिवस लागायचे आणि पावसाळ्यात चार महिने बोटी बंद. शिवाय ब्रह्मदेशापासून एवढं लांब की तिकडच्या कोणाला त्याच्या नावाने उठाव करायचा म्हटलं तरी राजा हाताशी नाही. आणि तो प्रश्न खरा होता, कारण मंडाले पडल्यावर लढाई संपली नाही, पुढची कित्येक वर्षं तिकडे गावागावात इंग्रजांविरुद्ध लोक लढत होते.

बहादूरशहा जफरला दिल्लीहून उचलून रंगूनला नेलं, तो तिथेच १८६२ ला वारला. थिबाला तिकडून उचलून इकडे आणलं. एकाचा शेवटचा बादशहा दुसऱ्याच्या मातीत!

पांथस्थ_मिरज
धागा चांगला आहे पण जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. थिबाबद्दल बोलताना आपण सगळे फार हळवे होतो. तो गादीवर आल्यावर काही महिन्यांतच, १८७९ ला, राजघराण्यातली डझनावारी माणसं मारली गेली, सावत्र भाऊ, बहिणी, लहान पोरंसुद्धा, म्हणजे गादीला कोणी दावेदार उरू नये म्हणून. त्या माणसाला "बिचारा राजा" म्हणणं मला जमत नाही. कैदेचं दुःख खरं पण ज्यांना मारलं त्यांच्या दुःखाचं काय?

काजळीकाठ
पांथस्थ, तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. फक्त एवढं जोडतो की त्यामागे जास्त हात राणीच्या आईचा होता असं बहुतेक इतिहासकार मानतात, थिबाला गादीवर बसवण्यातही तिचाच पुढाकार, तो स्वतः मठात शिकलेला पोरगा होता, १९ वर्षांचा. तरी राजा तो होता, जबाबदारी त्याच्यावर येतेच.

पण इंग्रजांनी त्याला काढलं ते त्या कत्तलीसाठी नाही हेही लक्षात ठेवा. कारण लाकूड. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही आपल्या मुंबईची कंपनी, १८६३ ची, वरच्या ब्रह्मदेशातून सागवान काढायची. ओंडके कमी दाखवून राजाचा महसूल बुडवला म्हणून तिकडच्या दरबाराने तिला जबर दंड ठोकला. इंग्रजांना आधीच भीती होती की थिबा फ्रेंचांशी बोलणी करतोय, दंडाचं निमित्त मिळालं, निर्वाणीचा खलिता गेला, मग फौज निघाली आणि पंधरा दिवसांत खेळ खलास. १ जानेवारी १८८६ ला अख्खा देश खालसा. म्हणजे मुंबईतल्या एका कंपनीच्या वादातून मंडालेचं राज्य गेलं आणि राजा येऊन पडला मुंबई इलाख्यातल्याच एका बंदरात. ही कंपनी आजही आहे बरं का, शेअर बाजारात नाव दिसतं.

मी रत्नागिरीचाच, साठी उलटली, लहानपणापासून ती इमारत बघत आलोय, पण हे कारण मला कोणी शाळेत सांगितलं नव्हतं, नंतर वाचून कळलं. मुलांना तिथे नेलं तर हे सांगा. सागवानाच्या खिडकीखाली उभं राहून सागवानापायी राज्य गेल्याची गोष्ट ऐकली की पोरं विसरत नाहीत.

पांथस्थ_मिरज
काजळीकाठ काका, लाकडाचा हा भाग मला माहीत नव्हता, धन्यवाद. आता परत जाईन तेव्हा त्या नजरेने बघेन. कत्तलीबद्दलचं मत मात्र तेच आहे.

काजळीकाठ
ते असूच दे. दोन्ही एकदम मनात ठेवून बघता आलं पाहिजे.

अजून एक, टिळकांचं. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, २३ जुलै १८५६, टिळक आळीतलं ते घर आता स्मारक आहे आणि पॅलेसपासून रिक्षाने फार लांब नाही. १९०८ ला राजद्रोहाची शिक्षा झाली आणि त्यांना पाठवलं कुठे, मंडालेला! तो तुरुंग मंडालेच्या किल्ल्याच्या आत, म्हणजे थिबाच्या राजवाड्याच्या तटबंदीतच. रत्नागिरीत जन्मलेला माणूस थिबाच्या गावात कैदी आणि त्या गावचा राजा रत्नागिरीत कैदी, एकाच वेळी, १९१४ पर्यंत. १९१० च्या हिवाळ्यात टिळक तिकडे गीतारहस्य लिहायला बसले आणि साधारण त्याच सुमारास थिबा इकडे नव्या वाड्यात राहायला गेला. मला हे आठवलं की अंगावर काटा येतो. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं, ही दोन ठिकाणं एकाच दिवशी बघा, पाठोपाठ.

चिरेखाण
काका हे भारी आहे. दोन्ही ठिकाणी जाऊन आलोय पण असं जोडून कधी बघितलं नाही.

यांगॉन_ते_यवतमाळ
बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठीच. नोकरीनिमित्त काही काळ म्यानमारमध्ये होतो, मंडालेला जाऊन आलोय, त्यामुळे दुसऱ्या टोकाचं सांगतो.

मंडालेला जो राजवाडा आज दाखवतात तो थिबाचा नाहीच. मूळचा लाकडी राजवाडा दुसऱ्या महायुद्धात १९४५ ला बॉम्बहल्ल्यात आणि आगीत जळून गेला, आता उभी आहे ती नव्वदच्या दशकातली नवी बांधणी. मूळ राजवाड्याची एकच मोठी इमारत वाचली, ती पण योगायोगाने. थिबाचे वडील मिंडोन राजे ज्या दालनात वारले ते थिबाने उतरवून तटाबाहेर नेऊन मठ करून टाकलं, श्वेनानडॉ म्हणतात त्याला, संपूर्ण सागवानी, भिंतीभर कोरीव काम, बघत राहावं असं. बाहेर नेलं म्हणून वाचलं. सिंहासनांचंही तसंच. राजाची अनेक सिंहासनं होती, जळाली, पण एक इंग्रजांनी आधीच कलकत्त्याच्या म्युझियममध्ये आणून ठेवलेलं, ते १९४८ ला परत गेलं आणि आता यांगॉनच्या (म्हणजे जुन्या रंगूनच्या) राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

आता विचार करा. थिबा ज्या छपराखाली स्वतः राहिला, जेवला, झोपला, अशी धड उभी असलेली इमारत मंडालेत बघायला मिळत नाही, ती रत्नागिरीत आहे. म्हणून तिथले लोक इतक्या लांब येतात. २०१२ ला म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन समाधीला नमस्कार करून गेले, २०१६ ला मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा वंशज आले, भिक्षू आले, प्रार्थना झाली. माझे तिथले सहकारी मी महाराष्ट्रातला कळल्यावर पहिला प्रश्न रत्नागिरीचा विचारायचे, मुंबईचा नाही. आणि मी विदर्भातला, तोवर रत्नागिरीला गेलेलोही नव्हतो, सुट्टीत आलो ते आधी तिकडे गेलो.

सुरंगी
यांगॉन_ते_यवतमाळ, तुमचा प्रतिसाद वाचून खरंच भरून आलं. हे मी पाहुण्यांना आता सांगणार.

समाधीचं निघालं म्हणून. ती पॅलेसमध्ये नाहीये, वेगळी आहे, शिवाजीनगर भागात. थिबा वारला तेव्हा कुटुंबाला त्याला मायदेशी न्यायचं होतं, परवानगी मिळाली नाही, शेवटी १९१९ ला इथेच समाधी झाली, शेजारी धाकटी राणी जी त्याच्या आधी १९१२ ला गेली. मग सुपयालत आणि मुली परत ब्रह्मदेशात गेल्या. सुपयालत १९२५ ला रंगूनला वारली, तिची समाधी तिकडे.

आणि आता ज्याच्यासाठी मी हा धागा काढला ते लिहिते. थोरली राजकन्या, फाया जी. पाच-सहा वर्षांची असताना रत्नागिरीत आली, इथेच वाढली, बंद घरात, तिच्या तोलामोलाचा नवरा मिळणं शक्यच नव्हतं. बाहेरची माणसं दिसायची ती पहाऱ्यावरची आणि नोकरमंडळी. त्यातल्या गोपाळ सावंत नावाच्या दरवानावर तिचा जीव जडला. त्याचं लग्न झालेलं, घरात बायको. १९०६ ला मुलगी झाली, टूटू. म्हणजे पॅलेस पुरा व्हायच्याही आधी. आई-बाप काय म्हणाले असतील याची कल्पना करा. १९१९ ला सगळ्यांबरोबर ती परत गेली खरी पण थोड्याच काळात लेकीला घेऊन रत्नागिरीलाच परतली. राजकन्या, मंडालेच्या सोनेरी राजवाड्यात जन्मलेली, ती १९४७ मध्ये रत्नागिरीत गरिबीत गेली. टूटूने इथल्याच पवारांशी लग्न केलं, मराठी बोलली, मोठा संसार ओढला, कागदाची फुलं करून विकली, शेण्या थापल्या आणि २००० साली वारली.

मला राजापेक्षा या दोघी जास्त जवळच्या वाटतात. पॅलेसमधले फोटो बघताना राजा-राणीपुढे लोक थांबतात, राजकन्यांच्या पुढून निघून जातात. थोरलीला ओळखून, तिच्यापुढे थोडं थांबा एवढंच माझं म्हणणं आहे. राजाची गोष्ट ब्रह्मदेशाची आहे, पण तिची आणि टूटूची गोष्ट आपली आहे, रत्नागिरीची, मराठीतली.

अबोली_७
ताई काय लिहिलंय तुम्ही. मी पॅलेसला शाळेच्या सहलीत गेलेय, आम्हाला "हा राजा, ही राणी" एवढंच सांगितलं होतं, टूटूबद्दल आज पहिल्यांदा वाचतेय आणि मी रत्नागिरी जिल्ह्यातलीच!!

काजळीकाठ
आमच्या आईच्या पिढीला टूटू ठाऊक होती. त्या पिढीतली माणसं तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली करायची नाहीत, कुजबुज नसायची, "राजाची नात" असं सरळ म्हणायची. गावाने तिला आपलं मानलं होतं एवढं नक्की.

पांथस्थ_मिरज
सुरंगी, राजाबद्दल मी जे म्हटलं ते राजाबद्दल. या बाईचा त्यात काय दोष, गादीवर बाप बसला आणि शिक्षा हिने भोगली. हे वाचून मला पण वाटतं की मुलांना सांगायचं तर हिच्यापासून सुरुवात करावी, मग राजा, मग लढाई, मग ती कत्तल. पोरांना तारखा नंतर.

चिरेखाण
पैशाचं पण कोणी लिहा. एवढे हिरे-माणकं घेऊन आलेला माणूस कर्जात कसा?

काजळीकाठ
@चिरेखाण दागिने होते, पण बरेच मंडाले सोडतानाच्या गोंधळात गेले. एक मोठं माणिक, न्गा मौक नावाचं, इंग्रज अधिकारी कर्नल स्लेडनच्या हातात सांभाळायला दिलं आणि ते परत मिळालं नाही अशी थिबाची तक्रार होती, पुढे इंग्लंडच्या राजालाही त्याने पत्र लिहिलं. इथे आल्यावर सरकारी तनखा मिळायचा पण खर्च राजाच्या सवयीने, नोकरचाकर, मोटार, दानधर्म, सणसमारंभ. १९१४ ला मुलींचा कान टोचण्याचा समारंभ केला, त्यांच्याकडे तो मोठा संस्कार असतो, गावजेवणासारखा थाट होता. तनखा पुरेना की एकेक दागिना विकायचा. घेणारे त्याची अडचण ओळखून भाव पाडायचे, हे तर कुठेही चालतं.

नवी_भटकी
सगळं वाचलं, जायचंच ठरवलंय. माहेरची मंडळी येतायत, आई ७० च्या पुढची, गुडघे दुखतात, आणि दोन लहान मुलं. कसं करू? किती वेळ ठेवू?

सुरंगी
@नवी_भटकी आईंची काळजी करू नका, संग्रहालयाचा भाग तळमजल्यावर आहे, त्यांना तिथे निवांत बघता येईल आणि आवारातही बसता येतं. सोमवारी बंद असतं, बाकी दिवशी सकाळी दहा नंतर जा, दुपारच्या उन्हात नको. दोन तास हाताशी ठेवा. पॅलेस झाला की थिबा पॉइंटला जा, तिथून भाट्याची खाडी, काजळी नदीचं मुख, पूल, पलीकडचा समुद्र सगळं दिसतं आणि थिबा गच्चीतून काय बघत असेल ते मुलांना समजावून सांगता येतं. मग टिळक आळी. मुलं कंटाळली नाहीत तर पतितपावन मंदिर पण तिथेच गावात आहे, सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते त्या काळातलं, १९३१ चं. या गावाने किती कैदी सांभाळलेत बघा. समाधी मी वेगळी ठेवीन, संध्याकाळी, आधी कोणाला तरी रस्ता विचारून, आणि तिथे आवाज कमी ठेवायला मुलांना सांगा, लोक प्रार्थनेला येतात.

चिरेखाण
पावसाळ्यात गेलात तर पायऱ्या आणि जांभ्याची फरशी सांभाळून, शेवाळ धरतं, आईंना हात द्या. इमारत मात्र पावसात फार सुंदर दिसते, जांभा भिजला की रंग गडद होतो.

यांगॉन_ते_यवतमाळ
नवी_भटकी, जमलं तर मागच्या बाजूच्या बुद्धमूर्तीशी मुलांना न्या. मंडालेत घराघरात बुद्धाची जागा असते, तिथे फुलं आणि पाणी रोज ठेवतात. राजाने घरापासून इतक्या लांब स्वतःची ती जागा करून घेतली होती.

नवी_भटकी
सगळ्यांचे खूप आभार. जानेवारीत येतोय. तेव्हा पॅलेसच्या आवारात संगीत महोत्सव असतो ना?

काजळीकाठ
हो, आर्ट सर्कलचा, जानेवारीत असतो. पॅलेसच्या आवारात रात्री उघड्यावर शास्त्रीय गाणं ऐकायचं, थंडी असते, शाल घेऊन या. तारखा आधी विचारून घ्या आणि पॅलेस दिवसा बघून ठेवा, रात्री इमारत आतून बघता येत नाही. टिळक आळीत मी सोबत येईन, सुरंगीच्या घरी निरोप ठेवा.

नवी_भटकी
नक्की काका. मुलांना आत्तापासून टूटूची गोष्ट सांगायला घेतलीये, धाकटी रोज विचारते की ती परत मंडालेला का नाही गेली.

सुरंगी
तिला सांगा, गेली असती तर तिथे तिला कोणी ओळखणारं नव्हतं, आणि बाबा इथे होते. बाकीचं पॅलेसमध्ये थोरल्या राजकन्येच्या फोटोपुढे उभं राहून मी सांगते, जानेवारीत या.